पाव्हणं आलं

आमच्या घरात पावसाचं नाव घ्यायला बंदी होती. वर्षभर नव्हे, फक्त बेदाणा रॅकवर असेपर्यंत. द्राक्षं तोडून, द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर एकदा पसरली, की बेदाणा वाळून खाली उतरेपर्यंत 'पाऊस' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. आभाळ भरून यायला लागलं तर म्हणायचं, "पाव्हणं निघालंय वाटतं." आणि पहिला थेंब पडला की हातात असेल ते टाकून ओरडायचं, "पाव्हणं आलं!" मग जो जिथं असेल तिथून पळत सुटायचा आणि शेडच्या दोन्ही अंगांना गुंडाळून ठेवलेला प्लॅस्टिकचा कागद खाली ओढायचा. एकदा माझी वर्गातली मैत्रीण पहिल्यांदाच घरी आली होती. तिनं उंबऱ्यात पाय टाकायला आणि आईनं परड्यातून "पाव्हणं आलं गं, पळा!" म्हणून ओरडायला एकच गाठ पडली. बिचारी तोंड पाडून पुन्हा चपला पायात घालायला लागली. तिची समजूत घालून तिला आत बसवेपर्यंत आमचं अर्धं रॅक भिजलं.

हा शब्द सदाकाकाचा. सदाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आई लग्न होऊन कवठे महांकाळच्या पुढच्या आमच्या त्या कोरड्या गावात आली, तेव्हा तिची सासू जाऊन वर्ष होत आलं होतं. आजोबा दिवसभर रानात असायचे आणि वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते फौजेत. लग्नाची सुट्टी संपवून दादा जम्मूकडं गेले आणि नव्या नवरीच्या पदरात राहिला तो दुसरीत शिकणारा, पुढचे दात पडलेला दीर. "लोकाला सासू मिळती, मला लेकरू मिळालं," असं आई सांगायची. पहिल्याच दिवशी तिनं त्याला धरून न्हाऊ घातलं, तर तो गावभर ऐकू जाईल असा रडला, आणि त्याच रात्रीपासून तिचा पदर मुठीत धरून झोपायला लागला. पुढं मी झाले, तरी त्यानं पदर सोडला नाही. आईच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला तो. त्यामुळं मला तो काका कमी आणि थोरला भाऊ जास्त वाटायचा. आजोबांनी नवं रॅक उभं केलं त्या पहिल्याच हंगामात शेजारणीनं त्याच्या डोक्यात भरवून दिलं होतं की नाव घेतलं की पाऊस येतो. त्यामुळं पाण्याच्या टाकीवर बसलेल्या त्या पोरानं थेंब अंगावर पडताच ओरडून सांगितलं, "वैनी, पाव्हणं आलं गं!" आई आधी रस्त्याकडं बघत राहिली. आभाळाकडं बघेपर्यंत माल भिजला होता. तरी ती हसली आणि तो शब्द घरात कायमचा राहायला आला.

रॅकचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. वारा शिरला की जाळ्यांच्या तारा गुणगुणायच्या, शेडनेट फडफडायचं, आणि सगळ्या अंगणाला त्या गोडसर, थोड्या आंबूस वासाची सवय होऊन जायची. बेदाणा वाळला की झाडणी. चार बायका तारा धरून हलवायच्या आणि वरच्या जाळीवरून खालच्या जाळीवर, तिथून खालच्या ताडपत्रीवर असा बेदाणा गारांसारखा सडसडत यायचा. 'गारा' हा शब्दही अर्थातच उच्चारायचा नव्हता. दुपारी तिथंच शेडच्या सावलीत सगळ्यांची भाकरी व्हायची. खर्डा, दही, फोडलेला कांदा, कधी हुलग्याचं माडगं. बेदाणा पिकवणाऱ्या घरात बेदाणा कुणी खात नाही, तो विकायचा असतो. पण झाडणीत चिरडलेले, फुटलेले मनुके आई ओच्यात गोळा करायची आणि ज्वारीच्या कण्यांच्या खिरीत घालायची. ती खीर सदाकाकासाठी. तो शिकायला सांगलीला गेला तरी शनिवारी खिरीच्या वासावर यायचा. त्याचा एक स्टीलचा पेला होता, त्याच्यावर आईनं बाजारातल्या नाव घालणाऱ्याकडून टोचून 'सदा' असं घालून घेतलं होतं. त्या पेल्यातून दुसऱ्या कुणी पाणी प्यायलेलं त्याला खपायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आईलाही खपायचं नाही.

आता बाजारातल्या आईच्या नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नावापायी झालं. भिजलेला बेदाणा काळा पडतो. काळ्याला भाव नाही. काही लोक मग त्याला गंधकाची जादा धुरी देऊन पिवळा करायचे, पेटीच्या बुडाशी घालायचे आणि वर चार बोटं चांगला माल पसरायचे. म्हणून सांगलीला सौद्यात, म्हणजे लिलावात, पेट्या उघडल्या की खरेदीदार बाही सारून हात थेट तळापर्यंत घालतो आणि खालचा माल मुठीत वर काढून बघतो. आमच्या पेटीत कुणी हात घालत नसे. आई काळा माल काळा म्हणूनच वेगळ्या पेटीत भरायची आणि मिळेल त्या भावाला द्यायची. तिथले एक म्हातारे शेठ आमच्या पेट्यांपाशी आले की नुसते म्हणायचे, "फौजीच्या घरचा माल हाय, तळ कशाला बघायचा?" हे वाक्य आईनं आम्हाला देवादिकांच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळा सांगितलं असेल. दादांना पदकं मिळाली होती, ती ट्रंकेत पडून असायची. आईचं पदक हे एवढंच होतं.

शिक्षण संपल्यावर काकाला साताऱ्याला एका संस्थेत नोकरी लागली. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचं काम. आभाळाचा अंदाज, रोगराई, बाजारभाव आणि मुख्य म्हणजे हवा बदलल्यामुळं पिकांचं आणि दरांचं काय होतंय, हे लोकांना समजावून सांगायचं. पहिला निरोप आला तेव्हा आई हात धुऊन ऐकायला बसली. फोनमधून आमचा सदाकाका कुणा परक्या माणसाच्या आवाजात बोलत होता, "नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. हवामान बदलामुळे अन्नपिकांच्या उत्पादकतेवर व परिणामी बाजारभावांवर विपरीत परिणाम होत आहे." आईनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की तिला भरून आलंय, ते मला कळलं नाही. त्या शनिवारी काका गावात आला तर शेजारचे बापूतात्या, त्यांचंही रॅक होतं, त्याला आडवे झाले. म्हणाले, "सदा, तुजा निरोप ऐकला रं. त्यो हवाबदल मला बी सांगितलाय डाक्टरनं. म्हाबळेश्वरला जाऊन ऱ्हावा म्हणतोय चार दिस. पैसं तुजी संस्था देती का?" पारावरची माणसं खो-खो हसली. काका हसला नाही. लहानपणी न्हाताना जसा रडवेला व्हायचा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

मग एका शनिवारी तो आला, त्याच्या आदल्याच दिवशी पाव्हणं येऊन गेलं होतं. कागद ओढेपर्यंत एका बाजूचा माल भिजला होता. आई सुपात घेऊन काळा बेदाणा वेगळा काढत बसली होती, मी शेजारी. काका जरा वेळ तिच्या हातांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "वैनी, माजं बोलणं कोन ऐकत न्हाई. तू बोल."

"मी काय बोलू? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतंय त्येच सांग. मला सांग. फोनकडं बघूच नगं."

त्यानं फोन सुपाला टेकून उभा केला. आईनं फोनकडं बघितलं नाही, ती काकाशीच बोलली. आणि काय बोलली! मी नंतर कितीतरी हुशार माणसांची भाषणं ऐकली, पण हा विषय इतका सोपा करून सांगणारं माणूस मला भेटलं नाही.

"पयलं पाव्हणं ठरल्या वक्ताला यायचं," आई म्हणाली. "मिरगाला येणार म्हंजी मिरगाला. आपुन बी वाट बघायचो. आता कवाबी येतंय. बोलीवल्याबिगर येतंय. रॅकवर माल पडला की वास लागल्यावानी येतंय. आन् शेरातल्या बाईला वाटतंय, मनुक्याचा दर वाढलाय म्हंजी आमचं घर भरलं. आगं बाय, माल नासला म्हून दर वाढला. ज्याचा नासला, त्याला त्यो दर कुटला मिळायला? तिनं शिऱ्यात चार मनुकं कमी घालायचं, आन् आमी कढईच उतरून ठेवायची. तिला वाटतं आमी कमावतोय, आमाला वाटतं ती कमावतीया. कमावत कुणीच न्हाई. मग आमी काय करायचं? काळा पडल्याला माल धुरी दिऊन पिवळा करायचा, पेटीच्या बुडाला घालायचा, वरनं चांगला पसरायचा आन् सांगलीला न्यायचा, असलं काम आमी करत न्हाई. ज्याची चूक, त्याच्या पदरात घालावी. पाव्हण्याची चूक खाणाऱ्याच्या पदरात का घालायची?"

बोलताना तिचे हात निवडायचे थांबले नव्हते. काका मात्र थांबून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून मला पुढचं जास्त लागलं.

निरोप आला तेव्हा सकाळची वेळ होती. सगळ्या गावाचे फोन जवळजवळ एकदमच वाजले, सांगलीच्या बाजारातलेही वाजले असणार. पोरं ओरडत आली, "शालनकाकू बोलायल्या फोनमदी!" आई शेडमध्ये होती. तिनं हात पुसले आणि माझ्या हातातला फोन कानाला न लावता तळहातावर धरला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. सुरुवातीला तिचं नाव, मग गावाचं नाव. मग तिचा आवाज. पाव्हणं, शिरा, कढई. बायका हसत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या. आई स्वतःच्या बोलण्याबरोबर ओठ हलवत होती. "धुरी दिऊन पिवळा करायचा, पेटीच्या बुडाला घालायचा, वरनं चांगला पसरायचा आन् सांगलीला न्यायचा," फोन म्हणाला. आईचे ओठ पुढं 'असलं काम आमी करत न्हाई' असे हलले. फोनमध्ये मात्र काकाचा तो परका आवाज आला, "ऐकलंत? हवामान बदल तुमच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला आहे." आणि निरोप संपला.

"रेंज गेली वाटतं," आई म्हणाली. "परत लाव." मी परत लावला. पुन्हा तिचे ओठ एकटेच पुढं गेले. आमच्या भाषेची खोड अशी, की सगळं वाक्य बोलून होईपर्यंत होय की नाही ते कळत नाही. नकार शेवटी येतो. शेवट कापला की माणसानं जे नाकारलं तेच त्याच्या गळ्यात पडतं. हे त्या वयात मला असं मांडता आलं नसतं. मला फक्त एवढं दिसलं, की एकेक बाई शेडमधून बाहेर पडली आणि झाडणी अर्धी राहिली.

पुढच्या सौद्याला मी आईबरोबर सांगलीला गेले होते. पेट्या ओळीत उघडल्या होत्या. म्हातारे शेठ आमच्यापाशी आले, नेहमीसारखे थांबले, आणि आईकडं न बघता त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. कोपरापर्यंत हात पेटीत घातला. आई त्या हाताकडं बघत होती. मूठ वर आली ती पिवळी, स्वच्छ. मग दुसऱ्या एका खरेदीदारानं हमालाला खूण केली आणि त्यानं आमची अख्खी पेटी ताडपत्रीवर पालथी केली. आतून एकही काळा मणी निघाला नाही. मला वाटलं, संपलं, कळलं सगळ्यांना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वरचा बी पिवळा आन् बुडाचा बी पिवळा! धुरी झकास बसलीया बरं का मावशीची." हशा झाला. बोली जिथं होती तिथंच राहिली. आईनं खाली बसून सांडलेला बेदाणा ओंजळीनं पेटीत भरला. मी भरू लागले तर म्हणाली, "तू नगं हात लावू."

त्या दिवसापासून आमच्या गावच्या सगळ्याच पेट्या पालथ्या व्हायला लागल्या. गाव चिडलं, आणि त्यांचं चिडणं वावगं नव्हतं. दूध डेअरीपुढच्या लिंबाखाली बैठक ठरली आणि काकाला साताऱ्याहून बोलावणं गेलं. आई अगदी निवांत होती. पहाटे उठून तिनं कण्या शिजत घातल्या. मी तणतणत होते, तर मलाच म्हणाली, "अगं, सदा आला की एका शब्दात मिटंल. त्याच्या म्होरंच बोललीया की मी." फुटलेले मनुके नव्हते, तर विकायच्या पेटीतला मूठभर चांगला बेदाणा तिनं खिरीत घातला. असं तिनं कधी केलं नव्हतं.

काका मोटरसायकलवरून आला तो घरी न येता थेट डेअरीपाशी. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला संस्थेचं ओळखपत्र. बापूतात्यांनी विचारलं, "सदा, सगळ्या गावाचा माल बदनाम झालाय. तुजी वैनी म्हणती, ती तसं बोललीच न्हाई. तू समूर हुतास. काय खरं?"

काका घसा खाकरून म्हणाला, "आवाज वैनीचाच हाय. त्यात मी माझ्याकडनं एक बी शब्द घातला न्हाई. देवाशप्पत."

ते खरं होतं. हेच त्यातलं सगळ्यात वाईट. आई बायकांच्या बाजूला उभी होती, ती दोन पावलं पुढं आली. "घातला न्हाईस, सदा. खरं हाय," ती म्हणाली. "काढलास का, त्येवढं सांग."

काकानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि नजर ओळखपत्रावर नेली. "निरोप एवढाच मोठा ठेवावा लागतोय, वैनी. लय काटछाट आसती. कुठं काय गेलं, आता मला आठवत न्हाई."

मला त्या क्षणी धावत जाऊन त्याचा शर्ट फाडावासा वाटला. मी ओरडलेही, "मला आठवतंय! आई 'न्हाई' म्हणाली हुती!" पण लेक आईचीच बाजू घेणार, असं म्हणून माणसं उठली. बापूतात्या जाता जाता आईला म्हणाले, "जाऊ द्या वैनीसाब, बोलताना जीभ घसरती मानसाची." म्हणजे त्यांनी आईला माफसुद्धा करून टाकलं.

काका मोटरसायकल चालू करत होता तेव्हा आई त्याच्याजवळ गेली. मी ऐकण्याइतकी जवळ होते. वाटलं, आता ती त्याच्या मुस्काटात मारेल. तिनं त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. "काढला आसशील, सदा. साहेबाचं भ्या आसतंय. त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "पर त्यो माजा 'न्हाई' तुज्याकडं फोनमदी हाय न्हवं? त्येवढा एक परत धाड. मागनं गेला तरी चालंल."

"बघतो, वैनी," काका म्हणाला आणि गेला. खीर म्हशीच्या आंबोणात गेली.

त्यानंतर कितीतरी निरोप आले. करपा रोगाचे आले, लाल कोळी किडीचे आले, दरांचे आले. फोन वाजला की आई हातातलं काम थांबवायची. तो 'न्हाई' काही आला नाही. उलट कळलं ते असं, की आईचा निरोप फार लोकांनी ऐकला, वरचे साहेब खूश झाले आणि काकाला बढती मिळाली. दादा फोनवर म्हणाले, "जाने दे, शालन. छोटा हाय. गलती होती." आई म्हणाली, "तुमी बंदुका धरा, ह्यात पडू नका," आणि फोन ठेवला.

याचा शेवट एवढ्यावर झाला असता तर ते आमच्या घरापुरतं राहिलं असतं. पण त्याच हंगामाच्या अखेरीला एक निरोप आला, उद्या संध्याकाळपर्यंत जोराचा पाऊस येईल, माल झाका. आवाज काकाचा. गाव हसलं. "सदाचा निरोप? शेवटचा शब्द कापला आसंल बगा, 'येणार न्हाई' आसंल!" आई मात्र उठली आणि कागद ओढायला लागली. मी चिडून म्हटलं, त्याच्या बोलण्यावर तू अजून विश्वास ठेवतेस? तर म्हणाली, "त्यो खोटा निघाला म्हून आभाळ खोटं हुईत न्हाई." मग ती बापूतात्यांच्या दारात सांगायला गेली. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुमच्या घरचं आता काय खरं धरायचं, वैनीसाब?" दुसऱ्या दिवशी पाव्हणं आलं. आमचं रॅक वाचलं. बाकी गाव काळं पडलं.

मी आता साताऱ्यातच राहते. इथल्या पेठेत किराणा घ्यायला गेले की मनुक्यांच्या डब्यात हात तळापर्यंत घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो. पुष्कळदा मी काकाच्या बाजूनं विचार करून बघते. त्याला लोकांना खरंच काहीतरी सांगायचं होतं. आणि तो जे सांगत होता, ते सगळं पुढं खरं ठरलं. आता कुठल्याही महिन्यात काहीही येतं आणि बाजारातली प्रत्येक वस्तू आभाळाकडं बघून भाव सांगते. म्हणूनच मला त्याचा राग जास्त येतो. खरं सांगायला त्याला आईसारखं माणूस मिळालं होतं आणि त्यानं तिलाच खोटं पाडलं. त्यामुळं खरं सांगणाऱ्या फोनवरून सगळ्या गावाचं मन उडालं ते उडालंच.

गाव काळं पडलं त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. माल रॅकवर होता, ऊन लख्ख होतं, आभाळात बोटभर ढग नव्हता. मी ओसरीत अभ्यासाला बसले होते, बायका शेडच्या सावलीत भाकरी खात होत्या. आणि अचानक अंगणातून आईचा आवाज आला, "पाव्हणं आलं!"

सवय अशी, की वर कुणी बघितलंच नाही. बायका खरकट्या हातानं उठल्या, मी पुस्तक टाकून पळाले, आम्ही कागदाच्या दोऱ्या सोडल्या. मी माझं टोक धरलं आणि बघते तर समोरच्या बाजूचं टोक धरून सदाकाका उभा. फाटकात त्याची बॅग आणि मिठाईचा पुडा पडलेला. त्यानंही तो आवाज ऐकून हातातलं टाकलं होतं आणि लहानपणी पळायचा तसाच पळत येऊन आपली बाजू धरली होती. धापा टाकत त्यानं कागद निम्म्यापर्यंत ओढला. मग त्यानं वर बघितलं. निळ्या आभाळाकडं तो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या हातातला कागद हळूहळू सुटला.

आई अंगणात खुर्ची मांडत होती, ती दादांचे साहेब एकदा आले होते तेव्हा आणलेली. तिनं पदरानं ती पुसली. मला म्हणाली, "चा टाक. कपबशी काढ." मांडणीवर 'सदा' टोचलेला पेला होता, माझा हात सवयीनं तिकडं गेला आणि मी तो मागं घेतला.

"वैनी," काका म्हणाला.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, परक्या माणसापुढं करतात तसा, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला म्हणाली, "बसा."